‘अनसाइन्ड कधीच शून्याखाली जात नाही’ : कर्नल क्लीनअप पॅचमधला तोच तो बग

पॅचच्या (कोडमध्ये सुचवलेल्या बदलाच्या) शीर्षकात ‘क्लीनअप’, मजकुरात ‘वर्तनात काहीही बदल नाही’, आणि दोन रिलीजनंतर कुणाचा तरी ड्रायव्हर बूटच्या वेळी उठत नाही. हे दुखणं मी इतक्यांदा निस्तरलंय की हल्ली डिफ (जुन्या-नव्या कोडमधला फरक) पूर्ण वाचण्याआधीच विचारतो, यात कुठल्या व्हेरिएबलचा टाइप बदललाय का? उत्तर ‘हो’ आलं की चहा बाजूला ठेवून नीट बसतो.

लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, चूक कळवायची रीत साधी आहे. फंक्शन यशस्वी झालं तर शून्य किंवा धन आकडा देतं, नाही तर उणे एररनंबर. उणे २२ म्हणजे ईइनव्हॅल, उणे १२ म्हणजे ईनोमेम, उणे ६ म्हणजे ईएनएक्सआयओ, उणे ५१७ म्हणजे ईप्रोब_डिफर. चूक झाली की नाही हे सगळं त्या उणे चिन्हावर ठरतं. ते चिन्ह मावतं तो टाइप साइन्ड (उदा. इंट), मावत नाही तो अनसाइन्ड. ते चिन्ह ज्या व्हेरिएबलमध्ये मावतच नाही त्यात उत्तर ठेवलं, की चूक घडूनही कुणाला पत्ता लागत नाही.

लक्षणं

सगळ्यात बोलकं लक्षण म्हणजे लॉगमध्ये चारशे एकोणतीस कोटींच्या घरातला आकडा. आयआरक्यू (इंटरप्ट) नंबर ४२९४९६७२९०, लांबी ४२९४९६७२७४ असलं काही छापलेलं दिसलं तर पुढचं निदान जवळजवळ झालंच.

बाकीची लक्षणं इतकी सरळ नसतात. डिव्हाइस एका बूटला येतं, पुढच्या बूटला येत नाही, आणि मॉड्यूल काढून परत घातलं की मुकाट चालू होतं. किंवा सेन्सर जोडलेला असताना वाचन अगदी बरोबर, आणि केबल काढली की एरर यायच्या ऐवजी काहीतरी भलताच आकडा येतो. किंवा प्रोब (ड्रायव्हर डिव्हाइस ताब्यात घेतो ती पायरी) अर्धवट फसला की ऊप्स, म्हणजे कर्नलच्या आत गंभीर चूक. मात्र सगळं सुरळीत असताना महिनोन्‌महिने काही नाही. एखाद्या आर्किटेक्चरवर चालतं, दुसऱ्यावर नाही. कधी नुसता स्टॅटिक चेकरचा (कोड न चालवता तपासणाऱ्या टूलचा) इशारा येतो की अमुक अनसाइन्ड व्हेरिएबल शून्यापेक्षा लहान असूच शकत नाही.

या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे. चांगल्या वाटेवर बग दिसत नाही, तो फक्त चुकीच्या वाटेवर असतो. म्हणून पॅच पाठवणारा ‘माझ्याकडे चालतंय’ म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो.

आधी आकडा वजा करा

याला काही लागत नाही, कॅलक्युलेटरही नाही. ३२ बिटी अनसाइन्ड आकडा शून्याखाली गेला की दोनाच्या ३२ व्या घातापासून, म्हणजे ४२९४९६७२९६ पासून, उलटा मोजला जातो. लॉगमधला आकडा त्यातून वजा करा. ४२९४९६७२९० असेल तर ६ उरतात, म्हणजे ईएनएक्सआयओ. ४२९४९६७२७४ असेल तर २२. ४२९४९६६७७९ असेल तर ५१७. उरलेला आकडा ४०९५ किंवा त्याहून कमी असेल तर तो एररनंबरच आहे असं धरून चाला, कारण कर्नलने एररसाठी राखलेली कमाल मर्यादा तेवढीच आहे. हेक्समध्ये छापलं असेल तर सुरुवातीला ओळीने एफ दिसतील. उणे २२ म्हणजे सहा एफ आणि मागे ईए.

यात एक गंमत आहे. प्रिंटच्या ओळीत टक्का-डी असेल तर अनसाइन्ड व्हेरिएबलसुद्धा लॉगमध्ये उणे २२ म्हणूनच दिसतं. मग माणूस चक्रावतो की उणे २२ दिसतंय, पुढच्याच ओळीत ‘शून्यापेक्षा लहान आहे का’ ही तपासणी आहे, तरी कोड आत का गेला नाही? लॉगवर विश्वास ठेवू नका, डिक्लरेशन बघा.

डिफमधला टाइप बदल शोधा, मग त्या नावाच्या मागे लागा

दोन मिनिटांचं काम. पॅचमध्ये इंटचं अनसाइन्ड इंट, यू३२ किंवा साइझ_टी (हे सगळे अनसाइन्ड) झालंय का बघा. झालं असेल तर त्या फंक्शनमध्ये त्या नावाचा प्रत्येक वापर शोधा आणि चारच गोष्टी बघा: शून्याशी तुलना, उणे एकची असाइनमेंट, उतरता लूप, आणि इंट परत देणाऱ्या फंक्शनचं उत्तर त्यात साठवणं. स्ट्रक्चरचा मेंबर असेल तर शोध एका फाइलपुरता ठेवू नका.

चेकपॅच (पॅच तपासणारं कर्नलचं स्क्रिप्ट) ‘नुसतं अनसाइन्ड लिहू नका, अनसाइन्ड इंट लिहा’ असं सुचवतं, तो बदल निर्धोक आहे, कारण टाइप तोच राहतो. नवख्यांचे बरेचसे पॅच इथूनच सुरू होतात आणि तिथवर ठीक असतं. घोटाळा पुढच्या पायरीला होतो. ‘इंडेक्स कधी ऋण नसतो, मग त्यालाही अनसाइन्ड करून टाकू’ असा उत्साह येतो. आणि त्या फंक्शनच्या तळाशी, एरर लेबलखाली, हे असतं:

व्हाइल (--आय >= ०)
  फ्री_बफर(डेव्ह->बफ[आय]);

आय इंट असताना हे अगदी बरोबर होतं. अनसाइन्ड केल्यावर शून्याच्या खालची पायरी ४२९४९६७२९५ झाली, अट कायमची खरी झाली, आणि लूप ॲरेच्या बाहेर पार कुठेतरी जाऊन मेमरी मोकळी करायला बसला. बहुतेकदा लगेच ऊप्स मिळतो. आतला कोड मेमरीला हात लावत नसेल तर सॉफ्ट लॉकअप (सीपीयू लूपमध्ये अडकून पडणं), आणि तो वॉचडॉगच्या नेहमीच्या मर्यादेत वीसेक सेकंदांनी कळतो. उपाय एका ओळीचा: व्हाइल (आय--). हे दोन्ही टाइपना चालतं.

आयआरक्यूचा प्रकार यापेक्षा चिवट. प्लॅटफॉर्म_गेट_आयआरक्यू (डिव्हाइसचा इंटरप्ट नंबर देणारं फंक्शन) हे इंट देतं. ते उत्तर अनसाइन्ड व्हेरिएबलमध्ये ठेवलं की खालची शून्याची तपासणी मेली. आता समजा इंटरप्ट कंट्रोलरचा ड्रायव्हर अजून लोड झालेला नाही, म्हणून उत्तर आलं उणे ५१७, ‘नंतर परत या’. ते कुणी ऐकलं नाही. तोच आकडा पुढे रिक्वेस्ट_आयआरक्यूला गेला, तिथे असा आयआरक्यूच नाही म्हणून उणे २२ आलं आणि प्रोब तेवढं घेऊन परतला. ५१७ परत मिळालं असतं तर ड्रायव्हर कोअरने पुन्हा प्रयत्न केला असता. २२ मिळाल्यावर तो विषय संपवतो. म्हणून डिव्हाइस कुठल्या बूटला येणार हे ड्रायव्हर कोणत्या क्रमाने लोड झाले यावर ठरतं, आणि माणूस आठवडाभर पॉवर सप्लायवर संशय घेत बसतो.

इशारा बुजवू नका

हे वेगळं लिहितोय, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. चेकर सांगतो की ही तुलना कधीच खरी होणार नाही. त्यावर सोपा पॅच कोणता? तुलनाच काढून टाका. दोन ओळी कमी झाल्या, इशारा गेला, शीर्षक ‘अनावश्यक तपासणी हटवली’. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. ती तपासणी लिहिणाऱ्याला नेमकं ठाऊक होतं की फंक्शन ऋण उत्तर देऊ शकतं. त्याचं डिक्लरेशन चुकलं होतं, तपासणी नव्हे.

म्हणून तपासणी काढण्याआधी आकडा कुठून येतो ते फंक्शन उघडा. त्याचा रिटर्न टाइप साइन्ड असेल तर व्हेरिएबलचा टाइप दुरुस्त करा आणि फिक्सेस टॅग (बग कोणत्या कमिटने आणला ते सांगणारी ओळ) लावा. हा क्लीनअप नाही, बगची दुरुस्ती आहे. आकडा खरोखरच अनसाइन्ड असेल, म्हणजे रजिस्टरमधून वाचलेला किंवा यूझरस्पेसकडून (कर्नलबाहेरच्या प्रोग्रॅमकडून) यू३२ म्हणून आलेला, तरच तपासणी निरर्थक. आणि तेव्हासुद्धा ‘शून्याहून लहान किंवा कमाल मर्यादेहून मोठा’ अशी दुहेरी तपासणी असेल तर मी ती राहू देतो. कंपायलर अर्धा भाग तसाही काढून टाकतो, आणि उद्या कुणी टाइप बदललाच तर ती उपयोगी पडते.

उलट दिशेचं उदाहरण प्रसिद्ध आहे. परफ (कामगिरी मोजणाऱ्या) सबसिस्टिममध्ये परफ_एसडब्ल्यूइव्हेंट_इनिट फंक्शनात यूझरस्पेसकडून आलेला यू६४ आकडा इंटमध्ये ठेवला जात होता आणि तपासणी फक्त वरच्या मर्यादेची होती. वरचा बिट लावून पाठवला की आकडा ऋण, मर्यादेहून लहान, तपासणी पार, आणि ॲरेच्या मागच्या मेमरीत लिहिता येत होतं. साध्या यूझरला रूट, म्हणजे सर्वाधिकार, मिळत होतं. सीव्हीई-२०१३-२०९४ (सुरक्षा त्रुटीचा नोंदणी क्रमांक) ती हीच. २.६.३७ पासून कोडमध्ये होती, २०१३ च्या एप्रिलमध्ये सुधारली. दुरुस्ती म्हणजे इंटच्या जागी यू६४, बस.

टूल चालवा, पण कोणतं काय पकडतं ते ओळखून

कर्नल नेहमीसारखं बिल्ड केलंत तर यातलं काहीच दिसणार नाही. टाइप-लिमिट्सचा (टाइपमुळे कधीच खऱ्या न होणाऱ्या तुलनेचा) इशारा मेकला डब्ल्यू=२ दिल्याशिवाय येत नाही. साइन-कम्पेअरचा (साइन्ड-अनसाइन्ड तुलनेचा) तर डब्ल्यू=३ ला, आणि तिथे इतका गोंगाट असतो की अख्ख्या ट्रीवर चालवण्यात अर्थ नाही. फक्त तुमच्या ड्रायव्हरच्या फोल्डरवर चालवा, पॅचच्या आधी आणि नंतर, आणि दोन्ही लॉगचा डिफ घ्या. वाढलेल्या ओळी तेवढ्या वाचा.

कॉकिनेलमध्ये (कोडमधले ठरावीक साचे शोधणाऱ्या टूलमध्ये) यासाठी तयार नियम आहे, कर्नलच्याच स्क्रिप्ट्समध्ये कॉकिनेलखाली टेस्ट्स फोल्डरात, अनसाइन्ड_लेसर_दॅन_झीरो नावाचा. कॉकीचेक रिपोर्ट मोडमध्ये तो एकटाच चालवता येतो. स्मॅच हा दुसरा स्टॅटिक चेकर याहून हुशार आहे: ‘एरर कोडचं धन आकड्यात रूपांतर झालं’ अशा अर्थाचा इशाराही तो देतो, आणि पुढच्या तपासणीत नेमका तोच लागतो.

साइझऑफशी तुलना

मला स्वतःला सगळ्यात जास्त लाज आणलेला प्रकार. टेम्परेचर सेन्सरचा छोटा ड्रायव्हर होता, आयटूसी बसवर. आधीचा कोड असा:

रेट = आयटूसी_मास्टर_रेसिव्ह(क्लायंट, बफ, ४);
इफ (रेट < ४)
  रिटर्न -ईआयओ;

चार हा आकडा उघडावाघडा पडलेला, तो मला खुपला. मी दोन्ही ठिकाणी साइझऑफ(बफ), म्हणजे बफचा बाइटमधला आकार, घातलं. टाइप बदलला नाही, डिक्लरेशनला हात लावला नाही, रिव्ह्यू करणाऱ्यानेही मान डोलावली. क्लीनअपच होतं की!

सेन्सर काढला की बसवर कुणी उत्तर देत नाही, रेटमध्ये उणे ६ येतात. पूर्वी उणे ६ हे ४ पेक्षा लहान, म्हणून ईआयओ. आता साइझऑफचा टाइप साइझ_टी, म्हणजे अनसाइन्ड आणि ६४ बिटी. सी भाषेच्या नियमाने तुलनेआधी इंटलाच त्याच्या टाइपमध्ये ओढलं गेलं, उणे ६ चे झाले १८४४६७४४०७३७०९५५१६१०, आणि ते काही ४ पेक्षा लहान नाहीत. तपासणी पार. स्टॅकवर बफमध्ये जो काही कचरा पडला होता तो तापमान म्हणून वर गेला.

दुरुस्ती करताना नुसतं साइझऑफला इंटमध्ये कास्ट करून (टाइप जबरदस्तीने बदलून) सुटता येतं, पण मी दोन तपासण्या लिहितो: आधी रेट शून्याहून लहान असेल तर रेटच परत द्या, मग रेट साइझऑफ(बफ) इतका नसेल तर ईआयओ. खरा एररनंबरही वर पोचतो, आणि ‘समान नाही’ ही तुलना चिन्हाच्या भानगडीत फसत नाही. यूएसबी कंट्रोल मेसेज वाचणाऱ्या ड्रायव्हरमध्येही हाच साचा सापडतो.

मास्क, शिफ्ट आणि निरुपयोगी दिसणारे कास्ट

इथून पुढे डोकं शांत असतानाच बसा.

यू८ बाइट डावीकडे २४ ने सरकवला की तो आधी इंट होतो. बाइट १२८ किंवा मोठा असेल तर चिन्हाचा बिट लागतो, आणि ते उत्तर यू६४ मध्ये ठेवलं की वरचे ३२ बिट सगळे एक. दोन जीबीपेक्षा लहान आकड्यांवर हे दिसतच नाही. कुणी तरी यू३२ चा कास्ट लावून ठेवलेला असतो आणि क्लीनअपवाला तो ‘अनावश्यक’ म्हणून काढतो. कास्ट परत लावा, किंवा त्याहून बरं, गेट_अनअलाइन्ड_एलई३२ वापरा.

मास्कचं उलटं आहे. यू६४ व्हॅल्यूमधला एक बिट पुसायला टिल्ड (सगळे बिट उलटवणारं चिन्ह) मास्क लावलंय, आणि मास्क इंट आहे. टिल्डनंतर तो ऋण होतो, ६४ बिटांत पसरताना वर एक भरत जातात, वरचे बिट शाबूत राहतात. मास्क ‘नीट’ यू३२ केला की वर शून्य भरतात आणि व्हॅल्यूचा वरचा अर्धा भाग गुपचूप पुसला जातो. म्हणजे जुना गबाळा कोड बरोबर होता आणि नवा देखणा कोड चूक. मास्क व्हॅल्यूइतक्याच रुंदीचा ठेवा.

मिन_टी (दोन आकडे दिलेल्या टाइपमध्ये बदलून लहान तो देणारा मॅक्रो) हाही कास्टच आहे, फक्त सभ्य कपड्यांतला. मिनने टाइप जुळत नाहीत म्हणून कंपाइल नाकारलं की लोक मिन_टी(इंट, ...) लिहून मोकळे होतात. यूझरकडून आलेली लांबी तीन अब्ज असेल तर इंटमध्ये ती ऋण, म्हणून तीच ‘लहान’, आणि पुढे मेमकॉपीला ती प्रचंड साइझ_टी म्हणून मिळते.

वजाबाकीही बघून घ्या. सीव्हीई-२०२२-०१८५ मध्ये लांबीची तुलना ‘पेज साइझ वजा २ वजा आतापर्यंतचा आकार’ याच्याशी होती. पेज ४०९६ चं, आकार ४०९५ झाला की उत्तर उणे एक यायला हवं. अनसाइन्ड असल्यामुळे ते महाकाय आलं आणि मर्यादाच उरली नाही. दुरुस्तीत वजाबाकीची बेरीज केली: आकार अधिक लांबी अधिक २ हे पेजपेक्षा मोठं आहे का.

जिफीजच्या (कर्नलच्या वेळ मोजणाऱ्या काउंटरच्या) तुलनेतला लाँगचा कास्टही असाच ‘निरुपयोगी’ दिसतो. काउंटर गुंडाळला गेल्यावरही आधी-नंतर बरोबर कळावं म्हणूनच तो तिथे आहे. कर्नल जिफीज मुद्दाम अशा आकड्यापासून सुरू करतं की ३२ बिटी मशीनवर बूटनंतर पाच मिनिटांनी तो गुंडाळला जावा, म्हणजे असले बग लवकर सापडतात. पाचव्या मिनिटाला काहीतरी बिघडत असेल तर आता कुठे बघायचं ते कळलं. टाइम_आफ्टर, टाइम_बिफोर आहेत, तेच वापरा.

कॅरबद्दल (एका बाइटच्या टाइपबद्दल) एवढंच: पूर्वी एक्स८६ वर तो साइन्ड आणि आर्मवर अनसाइन्ड होता, ६.२ पासून कर्नल सगळीकडे अनसाइन्ड धरून कंपाइल होतं. जुन्या कर्नलवर बॅकपोर्ट करत असाल तर कॅरमध्ये ठेवलेला उणे एक शोधा आणि तिथे एस८ लिहा. आणि एका बिटाचं इंट बिटफील्ड दिसलं तर त्यात एक नव्हे, उणे एक मावतो.

ऑब्जेक्ट फाइल काय म्हणते

पॅच म्हणतो वर्तन बदललं नाही. ठीक आहे, मग मशीन कोडही बदलायला नको. पॅचच्या आधी आणि नंतर ऑब्जेक्ट फाइल बनवा, ऑब्जडंपने उलगडा, डिफ घ्या. कर्नलच्या स्क्रिप्ट्समध्ये ऑब्जडिफ नावाचं स्क्रिप्ट याचसाठी आहे. ओळींचे नंबर सरकल्यामुळे थोडा फरक येईल, तो सोडून द्या. एक्स८६ वर जेएलचं जेबी, जेजीईचं जेएई, एसएआरचं एसएचआर झालेलं दिसलं तर तुलना किंवा शिफ्ट साइन्डची अनसाइन्ड झाली. टेस्टनंतरची जेएस उडी पूर्णच गायब झाली असेल तर कंपायलरने तुमची एरर तपासणी फेकून दिली आहे.

शेवटची तपासणी म्हणजे चुकीच्या वाटेवर स्वतः चालणं. संशयित फंक्शनच्या उत्तरात तात्पुरतं उणे २२ कोंबा, क्यूईएमयूमध्ये (मशीनची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) बूट करा, प्रोब नीट परततो का आणि वर २२ च पोचतात का बघा. शक्य असेल तर ३२ आणि ६४ बिटी दोन्हींवर. एवढं करूनही सापडलं नाही तर गिट बायसेक्ट (बग आणणारी कमिट अर्ध्या-अर्ध्याने शोधणं). हजार कमिटना दहाएक बिल्ड लागतात, म्हणून ते शेवटी.

इथे थांबा

टाइप यूएपीआय (यूझरस्पेसलाही दिलेल्या) हेडरमधल्या स्ट्रक्चरचा असेल तर हात लावू नका. त्यावर यूझरस्पेसचे प्रोग्रॅम आधीच कंपाइल झालेले आहेत. डिस्कवरच्या फॉरमॅटचे फील्ड, टीसीपी सीक्वेन्स नंबरची तुलना, मेमरी मॅनेजमेंटमधली पानांची गणितं इथेही तेच; तिथली विचित्र दिसणारी वजाबाकी बहुधा विचारपूर्वक केलेली असते. गेट_मेंटेनरने (कोडला जबाबदार माणसं सांगणाऱ्या स्क्रिप्टने) जी नावं दिली त्यांना पॅच न पाठवता आधी प्रश्न पाठवा.

हार्डवेअर तुमच्याकडे नाही आणि बदल एरर वाटेचा आहे, तर पॅचमध्ये ‘फक्त कंपाइल करून पाहिलं’ असं स्पष्ट लिहा. मेंटेनरला तेवढ्यावरून कळतं की चाचणी त्याला करायची आहे.

आणि ऋण किंवा अवाढव्य आकडा यूझरस्पेसमधून पाठवता येतोय, तो ॲरेच्या इंडेक्सपर्यंत किंवा कॉपीच्या लांबीपर्यंत पोचतोय असं दिसलं, तर त्या क्षणी क्लीनअप संपला. सगळ्यांसमोर पॅच टाकू नका, चालणारा एक्सप्लॉइट बनवायच्या मागेही लागू नका. कर्नलच्या दस्तऐवजांत सिक्युरिटी बग कळवण्याचं वेगळं पान आहे, त्यात दिलेल्या सुरक्षा टीमच्या पत्त्यावर आणि त्या सबसिस्टिमच्या मेंटेनरला खासगीत कळवा: कुठली फाइल, कुठली ओळ, आकडा कुठून येतो, कुठे पोचतो. पॅच तयार असेल तर सोबत जोडा.